डॉक्टर, आधी तिला सांगा : सोलापूरच्या डॉक्टर मंडळींना खुलं पत्र

सोलापुरातल्या समस्त डॉक्टर मंडळींना, हॉस्पिटल चालवणाऱ्यांना, आणि काउंटरवर फॉर्म पुढं सरकवून "इथं सही करा" म्हणणाऱ्या सगळ्या ताई-दादांना,

सप्रेम नमस्कार.

मी डॉक्टर नाही, वकील पण नाही. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत माझा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, आठ-दहा माणसं कामाला. आमच्या धंद्यात परगावच्या पार्टीची ऑर्डर आली की आधी सॅम्पल जातं. बॉर्डरचा कलर कुठला, वजन किती, फ्रिंज ठेवायची का शिवायची, हे सगळं विचारून पार्टीचा ओके आल्याशिवाय मी लूम चालू करत नाही, कारण एकदा माल निघाला की निघाला. साध्या नॅपकिनसाठी तीन-तीन फोन होतात बघा. आणि माझ्या स्वतःच्या आईच्या पोटात काय निघालं, त्यावर काय करायचं, हे ठरवताना तिला एक शब्द विचारला नाही. कुणीच. तुम्ही नाही आणि आम्ही तर नाहीच नाही.

गोष्ट २०१७ ची आहे. आईला जेवण जाईना, उलट्या व्हायच्या, वजन उतरलं. दुर्बीण झाली, बायोप्सी झाली, रिपोर्ट आला. डॉक्टरांनी (नाव कशाला घेऊ, माणूस चांगला होता, आजही चांगलाच आहे) केबिनच्या दारातून सांगितलं, रिलेटिव्ह आत या, पेशंटला बाहेर बसू द्या. आम्ही दोघं भाऊ आत, आई बाहेर बाकड्यावर. आत आम्हाला कळलं की जठराचा कॅन्सर आहे आणि तो पसरलाय. थोरला भाऊ लगेच म्हणाला, सर, आईला काही सांगू नका, ती खचेल. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, तुमचा निर्णय. दोन मिनिटात विषय संपला. बाहेर आलो तर आई फाइल मांडीवर घेऊन बसलेली. म्हणजे तिला काय झालंय ते तिच्याच मांडीवर होतं, इंग्रजीत.

तिला सांगितलं जठराला सूज आहे, अल्सर आहे, ताकदीचं सलाईन द्यावं लागंल. केमोला आम्ही घरात ताकदीचं सलाईन म्हणायचो. नर्सला पण तसंच बोलायला लावलं. पहिल्या सलाईननंतर ती चार दिवस अंथरुणाला खिळली, दुसऱ्यानंतर केस यायला लागले हातात. तिसऱ्या वेळी निघताना तिने सरळ विचारलं, "ताकदीचं सलाईन म्हणता, मग माझी ताकद जाते कुठं?" आम्ही काय सांगणार? गप्प बसलो. चौथ्या वेळी ती उठलीच नाही, म्हणाली हे औषध मला मानवत नाही, डॉक्टर बदला. आणि तिचं बरोबर होतं की! अल्सरसाठी इतका त्रास कोण सहन करेल? जी माहिती असती तर तिने कदाचित दात-ओठ खाऊन सोसलं असतं, किंवा कदाचित पहिल्याच दिवशी नको म्हणाली असती, ती माहिती आमच्या खिशात होती. तिच्या चांगल्यासाठी म्हणून खोटं बोललो आणि त्या खोट्यानेच तिचा औषधावरचा, तुमच्यावरचा आणि शेवटी शेवटी आमच्यावरचा विश्वास घालवला.

अजून एक सांगतो, मला हे कॅन्सरपेक्षा जास्त टोचतं. आमच्या गल्लीत बायकांची भिशी होती, बारा जणींची, महिना हजार. चिठ्ठी नावाला, खरं तर एकमेकीची अडचण बघून नंबर लावायच्या. भिशी चालू झाली तेव्हा आई घरी येऊन आरामात होती आणि तिने स्वतःहून सांगितलं, माझा नंबर शेवटी ठेवा, मला काय घाई आहे, नातीच्या बांगड्या करायच्यात, तोवर ती पण मोठी होईल. मी तिथंच दारात उभा होतो. मला माहीत होतं बारा महिने नाहीयेत. मी चप्पल घातली आणि कारखान्यात निघून गेलो. ती सातव्या महिन्यात गेली. तेराव्यानंतर बायकांनी हिशोब करून तिचे पैसे घरी आणून दिले, एक रुपया कमी नाही, आणि ते हातात घेताना मला कळलं की आम्ही तिच्यापासून रोग लपवला नव्हता, तिचं कॅलेंडर लपवलं होतं.

तर आता मुद्दा. मी वर्षभर याच्यावर वाचतोय, जमेल तसं. तुमच्या धंद्याची नियमावली, मेडिकल कौन्सिलची २००२ ची, ती पण काढून वाचली. (२०२३ च्या ऑगस्टमध्ये नवीन नियम आले होते, पण त्याच महिन्यात ते थांबवून परत २००२ चेच लागू केले.) त्यात एक कलम आहे आजार पुढं कसा जाईल ते सांगण्याबद्दल. डॉक्टरने आजार वाढवून सांगू नये, कमी करून पण सांगू नये, इथपर्यंत छान आहे. पुढं म्हणतात पेशंट, त्याचे नातेवाईक किंवा जबाबदार मित्र यांना परिस्थितीची कल्पना आहे हे बघावं, पेशंटच्या आणि घरच्यांच्या हिताचं होईल इतपत. आता बघा, एका "किंवा" मध्ये माझी आई केबिनच्या बाहेर गेली. नातेवाईकांना सांगितलं, नियम पाळला, झालं. आणि ऑपरेशनच्या संमतीचं कलम तर अजून भारी आहे, संमती कुणाची घ्यायची तर नवरा किंवा बायको, मूल असेल तर आईबाप किंवा पालक, किंवा स्वतः पेशंट. ज्याचं पोट फाडायचंय तो लाईनीत सगळ्यात शेवटी! कुणी लिहिलं असेल हे, बसून एकदा वाचलं तरी असतं.

पण सुप्रीम कोर्टाने या "किंवा" ला कधीच उत्तर दिलंय आणि ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. समीरा कोहली केस, निकाल १६ जानेवारी २००८. दिल्लीतली चव्वेचाळीस वर्षांची बाई, तपासणीसाठी दुर्बिणीला तयार झाली, भूल दिल्यावर आत काहीतरी दिसलं म्हणून असिस्टंट बाहेर आली, बाहेर बसलेल्या आईची परवानगी घेतली आणि पिशवी, अंडाशय सगळं काढून टाकलं. कोर्टाने सांगितलं की तपासणीची परवानगी म्हणजे ऑपरेशनची परवानगी होत नाही, जिवावर बेतलं नव्हतं, बाई सज्ञान होती, थोड्या वेळाने शुद्धीवर आलीच असती, तिला विचारायचं होतं, आईची सही चालणार नाही. भरपाई पंचवीस हजार रुपये, आता याच्यावर काय बोलायचं. पण तत्त्व स्वच्छ आहे. बाहेर बसलेली आई असो नाहीतर आत आलेला मुलगा असो, शरीर ज्याचं त्याला विचारा.

हे वाचताना मला आपल्याकडं येणाऱ्या ऊसतोडीच्या टोळ्या आठवल्या. सीझनला आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांवर बीडकडून कोयते येतात, उचल घेतलेली असते, एक दिवस खाडा झाला की पैसे कापतात. २०१९ ला त्या बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण बाहेर आलं, सरकारला कमिटी नेमावी लागली. त्या बायकांच्या सह्या नव्हत्या का? सह्या असणारच, नाहीतर अंगठे. कागद पक्का असणार. प्रश्न हा की त्या अंगठ्याच्या आधी कुणी बसून सांगितलं का, की बाई तुझं वय अजून तीस आहे, पिशवी काढली की पुढं काय-काय होतं, गोळ्यांनी भागण्यासारखं आहे, थांबता येतं. सही घेणं सोपं आहे हो. मी पण पार्टीची चेकवर सही घेतो, चेक बाउन्स होतोच की.

आता भाषेचं बोलू, कारण सोलापुरात हा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा वेगळा आहे. आपल्या गावात एका बोळात चार भाषा चालतात. पूर्वभागात जा, विडी वळणाऱ्या आज्ज्या घरात तेलुगू बोलतात, कुंभारीच्या विडी घरकुलात तेच. हद्दवाढीकडं, अक्कलकोट-दक्षिणकडं कन्नड. मुस्लिम मोहल्ल्यात आपली सोलापुरी उर्दू-दखनी. माझ्या आईचं माहेर कर्नाटकातल्या इंडीकडचं, लग्न होऊन आली तेव्हा मराठी येत नव्हतं, नंतर अस्खलित बोलायची, भांडायची पण मराठीतून. पण शेवटच्या महिन्यात पोटात कळ आली की "अव्वा, अव्वा" म्हणायची. दुखणं कन्नडमधून यायचं. आणि तिच्या फाइलमधला प्रत्येक कागद, तिने सही केलेला प्रत्येक फॉर्म इंग्रजीत. खाली बारीक अक्षरात छापलेलं होतं की मला समजेल अशा भाषेत सर्व समजावून सांगण्यात आले आहे. ते वाक्य पण इंग्रजीतच.

मध्यंतरी कामगाराला घेऊन एका ओपीडीत बसलो होतो, तिथं एक आजी आणि तिची नात, नात सहावी-सातवीची असेल, शाळेच्या ड्रेसमध्येच. डॉक्टर मराठीत बोलत होते आणि ती पोरगी आजीला तेलुगूत सांगत होती. डॉक्टर तीन-चार वाक्यं बोलले, पोरगी एकच बोलली. परत डॉक्टर बोलले, पोरगी गप्प. मला तेलुगू थोडं कळतं, कारखान्यामुळं. पोरीने आजीला एवढंच सांगितलं की घरी जाऊन अण्णाला फोन करायचाय. त्या लेकराने काय गिळलं असेल ते तिलाच माहीत. बाराव्या वर्षी आपण तिच्यावर आजीचं मरण टाकलं आणि डॉक्टरने फाइलवर लिहिलं असेल, एक्सप्लेन्ड टू रिलेटिव्ह.

तुम्ही सगळ्यांनी तेलुगू-कन्नड शिका असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला हरकत नाही म्हणा, कारण आपल्याच सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ ला चीनला गेले आणि तिथली भाषा बोलायला-लिहायला शिकले, तीसुद्धा लढाई चालू असताना. भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकाला आपण हार घालतो. पण ते जाऊ द्या, तुम्हाला एवढं मोठं काही करायचंच नाहीये. तुमच्या हॉस्पिटलमध्ये वॉर्डबॉय तेलुगू आहे, मावशी कन्नड आहेत, फार्मसीवाला पोरगा उर्दू बोलतो. त्यांना दहा दिवस नीट शिकवा, पेशंटचं गुपित बाहेर बोलायचं नाही हे बजावा, चार पैसे जास्त द्या. नातवंडांना मध्ये घेऊ नका. एवढंच.

आता तुमची बाजू. मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार, कारण मी दोन-तीन ओळखीच्या डॉक्टरांशी बोललोय आणि दोघं तर चिडलेच.

पहिलं म्हणजे वेळ. सकाळपासून ऐंशी पेशंट, कुणाला किती बसून सांगणार. मान्य. पण नातेवाईकांना सांगायला पण तेवढाच वेळ लागतो ना, माणूस बदला, वेळ तेवढाच.

दुसरं, नातेवाईक अंगावर येतात. हे खरं आहे आणि लाजिरवाणं आहे. हॉस्पिटल फोडायची आपल्याकडं फॅशन झालीय, २०१० चा कायदा आहे तरी मारहाण होते, आणि मार खाण्यापेक्षा मुलगा म्हणेल ते ऐकलेलं बरं असं डॉक्टरला वाटलं तर मी त्याला एकदम दोष देणार नाही. इथं आम्हा लोकांचं चुकतं. बिल मुलगा भरतो म्हणून निर्णय मुलाचा, हा हिशोब तुमच्या केबिनमध्ये आम्हीच आणला.

तिसरं, हे सगळं पाश्चात्य आहे, आपल्यात कुटुंब एकत्र ठरवतं. हे ऐकलं की माझं डोकं सटकतं. अमेरिकेत १९६१ साली डॉक्टरांना विचारलं होतं, कॅन्सर झाला तर पेशंटला सांगता का, तेव्हा नव्वद टक्के म्हणाले शक्यतो नाही सांगत. १९७९ ला परत तसंच विचारलं तर सत्त्याण्णव टक्के म्हणाले सांगतो. म्हणजे त्यांची पण संस्कृती तीच होती, अठरा वर्षात बदलली. आणि कुटुंब एकत्र ठरवतं म्हणता, तर आई कुटुंबात येत नाही का? मिल बंद पडली तेव्हा बाबांनी ती बातमी पहिल्यांदा कुणाला सांगितली? तिला. बहिणीचं लग्न मोडायची वेळ आली तेव्हा समोरच्यांशी कोण बोललं? ती. घरातला प्रत्येक वाईट निरोप चाळीस वर्षं आधी तिच्याकडं गेला, आणि तिचा स्वतःचा निरोप आला तेव्हा आम्ही ठरवलं तिला झेपणार नाही.

अडाणी बाईला कॅन्सर शब्द झेपत नाही म्हणणाऱ्यांनी जरा बार्शीकडं बघावं. आपल्याच जिल्ह्यात १९८७ पासून ग्रामीण भागातली कॅन्सरची नोंदणी चालू आहे, खेड्यापाड्यातली देशातली पहिली. त्या लोकांनी गावोगाव जाऊन, बैठका घेऊन, बायकांना हीच लक्षणं सांगितली, अंगावर जातं का, गाठ आहे का, दवाखान्यात चला. देवळाच्या कट्ट्यावर बसून जो शब्द बोलता येतो तो एसी केबिनमध्ये का येत नाही?

मी असं पण म्हणत नाही की रिपोर्ट आला की पेशंटच्या तोंडावर फेकायचा. माझे एक काका होते, त्यांनी डॉक्टरला आत गेल्या-गेल्या सांगितलं, साहेब मला काही सांगू नका, काय असेल ते पोराला सांगा, मी तुम्ही म्हणाल ते करतो. त्यांचं बरोबर होतं, कारण ते त्यांनी ठरवलं. आईचं कुणी विचारलंच नाही. रिपोर्ट यायच्या आधी, तपासण्या लिहून देतानाच, एक प्रश्न विचारायला काय जातंय? "आजी, रिपोर्टमध्ये काय येईल ते तुम्हाला सगळं सांगू का थोडं सांगू, का तुमच्या घरातल्या कुणाला सांगू?" जे उत्तर येईल ते फाइलवर लिहा. मग मुलगा कितीही ओरडला तरी दाखवा त्याला, तुझ्या आईने असं सांगितलंय. तुम्हाला पण ढाल मिळते. तुमच्या पुस्तकात पण वाईट बातमी कशी सांगायची त्याच्या सहा पायऱ्या आहेत म्हणे, त्यातली एक हीच आहे, आधी विचारा किती ऐकायचंय.

आणि हे आता जास्त महत्त्वाचं झालंय. २०१८ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, माणूस आधीच लिहून ठेवू शकतो की मला व्हेंटिलेटरवर टाकू नका. आधी त्याला मॅजिस्ट्रेट लागायचा, २०२३ च्या जानेवारीत सोपं केलं, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो. चांगलंच झालं. पण मला सांगा, जिला अल्सर आहे असं सांगितलंय ती व्हेंटिलेटरबद्दल काय लिहून ठेवणार? माझ्या आईचे शेवटचे नऊ दिवस आयसीयूत गेले, हात बांधलेले, तोंडात नळी. तिला ते हवं होतं का? मला माहीत नाही. तिचा मुलगा असून मला माहीत नाही, आणि विचारायची सोय मीच बंद केली होती.

म्हणून मागणं एवढंच आहे. सज्ञान, शुद्धीवर असलेल्या पेशंटला बाहेर बसवून नातेवाईकांना आधी सांगायची पद्धत सोलापुरातल्या दवाखान्यांनी बंद करावी, आणि संमतीचे फॉर्म मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चारही भाषांत करावेत. इमर्जन्सीत, पेशंट बेशुद्ध असताना वगैरे, तिथं वेगळं, ते मला कळतं.

फॉर्म छापायचा खर्च कोण करणार म्हणाल तर पहिली पाच हजार कॉपी माझ्याकडून, खरंच सांगतोय. तुम्ही मजकूर द्या, भाषांतर झालं की माझ्या कारखान्यात पाठवा. लूमवर माझ्याकडं तेलुगू माणसं आहेत, शिलाईला दोन बायका कन्नड आहेत, पॅकिंगचा पोरगा मोहल्ल्यातला. कुणी सातवी शिकलंय, कुणी तेवढं पण नाही. जेवणाच्या सुट्टीत त्यांना वाचून दाखवू. ज्या ओळीवर ते मान हलवणार नाहीत ती ओळ मी तुम्हाला लाल पेनने खूण करून परत पाठवतो.

आपला,
अक्कलकोट रोडचा एक टॉवेलवाला